बारकी मूठ

खूप जुन्या काळातली गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही ऐकावी.

एका राज्याच्या टोकाला, नदीच्या काठी, कातारी लोकांचं गाव होतं. कातारी म्हणजे चरकावर लाकूड नाहीतर शिंग फिरवून ते कातणारे लोक. पाळण्याचे खुंट, लाटणी, भोवरे, बुद्धिबळाची प्यादी, सगळं त्या गावातून राज्यभर जाई.

चरकावर एखादी वस्तू फिरवायची, तर आधी ती पक्की धरावी लागते. ती धरण्यासाठी कातारी मूठ वापरत. मूठ म्हणजे एक आखूड पोकळ नळी. तिच्या तोंडाशी चिरा पाडलेल्या असत. वस्तू आत घालायची, बाहेरून कडी सरकवायची, की चिरा मिटत आणि वस्तू आवळली जाई. जाड खुंटाला मोठी मूठ, प्याद्याला लहान मूठ. प्रत्येक कातारी आपल्या मुठी आपण करी आणि एका पेटीत ठेवी.

गावात एक चाल होती. कातारी मेला, की त्याच्या मुठींची पेटी नदीत सोडायची. पण ती दहाव्या दिवशी. तोपर्यंत पेटी घरात ठेवायची आणि मागे राहिलेल्याने एकेक मूठ हातात घेऊन तिचं माप उतरवून घ्यायचं. माप घेतल्याशिवाय पेटी सोडायची नाही, असा नियमच होता.

त्या गावात दोन भाऊ राहत. थोरला पटाशी धरून कातत असे. धाकटा समोर बसून चरकाची दोरी ओढत असे. धाकट्याच्या अंगात जोर फार आणि धीर कमी. चार दिवस पंतोजींकडे गेला आणि पाचव्या दिवशी पाटी फोडून परत आला. मूठ कशी करायची हे थोरल्याने त्याला दोनदा दाखवायला घेतलं. दोन्ही वेळा तो अर्ध्यावर उठून गेला.

"तू आहेस ना मुठी करायला," तो म्हणे. "मग मी शिकून काय करू?"

"मी काय जन्माला पुरणार आहे?" थोरला म्हणे.

"पुरशील की. तुला काय धाड भरलीय?"

थोरला हसे आणि पुन्हा पटाशी उचले.

कार्तिकात थोरल्याला ताप आला. तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. त्याला तिसावं वर्षही लागलं नव्हतं.

घाटावर गाव जमलं होतं. चिता विझत आली होती. लोक जवळ येऊन जे बोलतात ते बोलत होते. कुणी म्हणालं, आयुष्य तेवढंच होतं. कुणी म्हणालं, आता आईला तू सांभाळ. एक म्हातारा कातारी म्हणाला, "पेटी नीट ठेव रे. उद्यापासून मापं उतरवायला घे. तुझ्या दादाच्या मुठी चांगल्या होत्या."

'होत्या' हा शब्द धाकट्याला सहन झाला नाही.

"माझा भाऊ गेलाय आणि तुम्हाला मापं सुचतायत?" तो ओरडला. तसाच घरी गेला, पेटी उचलली, घाटावर आणली आणि सगळ्यांच्या देखत नदीत भिरकावली.

पेटी बुडाली नाही. ती तरंगत निघाली. थोड्या वेळाने धाकट्याच्या लक्षात आलं, की आपण काय केलं. मग तो काठाने धावला, कमरेइतक्या पाण्यात शिरला. पण पाण्याला ओढ होती. वळणापाशी पेटी दिसेनाशी झाली.

त्याच्या घरी आता आई होती आणि तो. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दोन वर्षांपासून तिला फक्त उजेड आणि अंधार कळत होता. थोरल्याचा चेहरा तिने शेवटी पाहिला तो दोन वर्षांपूर्वीचा. चितेवर ठेवण्याआधी तिने तो हाताने चाचपला होता.

दर थंडीत अमावास्येला एक वैद्य त्या गावात येई आणि पौर्णिमेला पुढे जाई. शलाकेने मोतीबिंदू बाजूला सारण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. शलाका म्हणजे शिवायच्या सुईहूनही बारीक अशी पोलादाची काडी. तिचं टोक जवाच्या दाण्यासारखं असे आणि थोडं मागे एक कडं ठेवलेलं असे, म्हणजे शलाका ठरल्याहून खोल जात नसे. टोक एका थंडीत झिजे. झिजलेल्या शलाकेने वैद्य कुणाच्या डोळ्याला हात लावत नसे. म्हणून दर वर्षी तो थोरल्याकडून नवी शलाका कातून घेई.

त्या वर्षी थोरल्याचं कळल्यावर वैद्य आधी घरी आला, आणि मग त्याने आईचे डोळे तपासले.

"पिकलाय," तो म्हणाला. "गेल्या वर्षी कच्चा होता, म्हणून थांबलो. आता थांबता येणार नाही. पुढच्या वर्षापर्यंत तो आत फुटेल, मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही. पौर्णिमेच्या आत मला शलाका हवी."

"करतो," धाकटा म्हणाला.

"तुला येतं का रे?"

"करतो म्हटलं ना, वैद्यबुवा."

वैद्याने पोलादी तारेचे सात तुकडे त्याच्या हातावर ठेवले. तो गेल्यावर आई म्हणाली, "बारकी मूठ आहे ना रे? शलाकेची?"

धाकटा म्हणाला, "आहे."

ती नव्हती. ती पेटीत होती असं त्याला वाटत होतं, आणि पेटी तर नदीत गेली होती. आईचे डोळे आपण आपल्या हातांनी पाण्यात फेकले, हे तो कुणाला सांगू शकत नव्हता.

बारीक काम थोरला मोठ्या चरकावर करत नसे. त्यासाठी एक छोटा चरक होता. तो दोरीने नाही, तर कमानीने, म्हणजे दोरी ताणून बांधलेल्या वाकड्या काठीने, फिरे. त्या दिवशी दोरी ओढायला धाकटा लागत नसे, म्हणून तो खुशाल मासे मारायला जाई. त्यामुळे थोरला बारीक काम कसं करतो हे त्याने एकदाही बघितलं नव्हतं.

आता तो छोट्या चरकापाशी बसला. शेजाऱ्याकडून त्याने लहानातली लहान मूठ मागून आणली होती. तार त्या मुठीत सैल बसत होती. त्याने तारेला दोरा गुंडाळला आणि कडी सरकवली. एका हाताने कमान ओढायची, दुसऱ्याने पटाशी धरायची, हे त्याला जमेना.

आई भिंतीला धरून आली आणि चरकासमोर बसली. "दे कमान इकडे."

"तुला दिसत नाही, आई."

"कमान ओढायला डोळे कशाला लागतात? तुझ्या बापाला मीच ओढून देत होते. तू नुसता जोर लावतोस, मी ताल तरी धरीन."

तिने कमान ओढली. तार डुलायला लागली. धाकट्याने कडी आणखी आत सारली. तरी ती डुलत राहिली. मग त्याने हातोडीने कडी ठोकली. मूठ फक्त तोंडापाशी मिटली आणि तार तिथेच कट्‌कन तुटली.

दुसऱ्या तारेचंही तेच झालं.

"किती आवळतोस रे?" आई म्हणाली. "काय पळून चाललीय का ती?"

"सैल सोडलं की निसटतं," धाकटा म्हणाला. तेवढंच बोलून तो उठला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो राजधानीला निघाला. राजाच्या शस्त्रशाळेत कातारी होते. तिथे जगातल्या सगळ्या मुठी आहेत, असं गावात म्हणत. दोन दिवस चालून तो पोचला.

शस्त्रशाळेच्या मुख्य कारागिराने त्याला एक फळी दाखवली. फळीवर सव्वाशे मुठी ओळीने लावल्या होत्या. भाल्याच्या दांड्याला लागते तिथपासून ते मोत्याला लागते तिथपर्यंत.

"बोल, कोणती हवी?"

धाकट्याने तार दाखवली. कारागिराने ती उजेडात धरली आणि डोळे बारीक केले. "ही काय तार आहे? हा तर कुणाच्या तरी मिशीचा केस दिसतोय!" शस्त्रशाळेतली माणसं हसली. धाकटा हसला नाही. मग कारागिराने फळीच्या शेवटची मूठ काढून त्याला दिली. "मोत्याची आहे. याहून बारीक राजाकडेही नाही. पौर्णिमेनंतर परत आणून दे. आणि जरा रेशीम गुंडाळ, म्हणजे बसेल."

दोन दिवस चालून तो परत आला. मूठ सुंदर होती, हस्तिदंती होती. पण ती शस्त्रशाळेच्या चरकावर घडलेली होती. तिचं भोक त्या चरकाच्या मधोमध होतं, याच्या चरकावर ते जरा एका बाजूला येत होतं. मोत्याला तेवढं चाललं असतं, पण तारेला चालेना.

आईने चार वेळा कमान ओढली आणि थांबली. "लंगडतंय."

"ठाऊक आहे मला."

"मग पटाशी कशाला लावतोस?"

त्याने ऐकलं नाही आणि पटाशी लावली. तिसरी तार गेली. मग त्याने रेशीम जास्त गुंडाळलं आणि कडी जास्त आवळली. चौथी तार गेली. त्याने हस्तिदंती मूठ उचलून भिंतीवर मारायला हात वर केला, पण ती उसनी आहे हे आठवून तो खाली घेतला. मग चरकावरच डोकं टेकून तो बसून राहिला.

आईने कमान बाजूला ठेवली. मग म्हणाली, "खरं सांग. थोरल्याची बारकी मूठ नाहीये ना?"

"नाहीये."

"पेटीत होती?"

आईने हात पुढे करून त्याचं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "बरं, एक ऐक. शलाकेचं काम आलं, की थोरला आधी डोंगरातल्या घाटापलीकडच्या फणीवाल्याकडे जायचा. दर थंडीत मला एक शिंगाची फणी आणायचा. पाच फण्या झाल्यात. डोक्यावर केस राहिले नाहीत, फण्या आहेत. त्या म्हाताऱ्याला विचार. त्याच्याकडे असेल एखादी मूठ."

घाटापलीकडे एका दिवसाची वाट होती. फणीवाला म्हातारा अंगणात बसून शिंगाच्या पट्टीला दाते पाडत होता. त्याची करवत इतकी बारीक होती, की चालताना दिसण्याऐवजी नुसती ऐकू येई. त्याने मान वर न करताच विचारलं, "कोण?"

धाकट्याने आपलं गाव सांगितलं.

"अरे, मग तू कातारी भावांपैकी धाकटा! मासे मारणारा! तुझा दादा सांगतो तुझ्याबद्दल. यंदा उशीर केला त्याने. मी शिंगाचं टोक कधीचं बाजूला काढून ठेवलंय. म्हटलं, कामात असेल. कुठाय तो? मागून येतोय का?"

"दादा गेला," धाकटा म्हणाला. "कार्तिकात."

करवत थांबली. पट्टीत दाता अर्धाच पडला होता. म्हाताऱ्याने करवत काढली, पुसली आणि मांडीवर ठेवली. आयुष्य तेवढंच होतं, असं तो म्हणाला नाही. थोड्या वेळाने त्याने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि धाकट्यापुढे ठेवला.

पाणी प्यायल्यावर धाकट्याने सगळं सांगून टाकलं. पेटी, नदी, आईचे डोळे, तुटलेल्या तारा. "तुमच्याकडे शलाकेची मूठ असेल तर द्या," तो म्हणाला. "दादाची मी वाहून घालवली."

"काय वाहून घालवलंस?"

"शलाकेची मूठ."

"तुझ्या दादाकडे शलाकेची मूठ कधी नव्हतीच," म्हातारा म्हणाला.

धाकटा ताडकन उठला. "मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नका!"

"तुला बरं वाटून माझी एक तरी फणी खपणार आहे का? खाली बस. शिंगाचं टोक मी कुणासाठी ठेवलं होतं? दर थंडीत तो येई आणि एक टोक घेऊन जाई. एका शलाकेला एक टोक. काम झालं की ती मूठ चुलीत टाकतो, म्हणायचा. मी विचारलं, जपून का ठेवत नाहीस? तर म्हणे, दुसऱ्या वर्षी तार दुसरी असते. जुनी मूठ तिला धरत नाही, नुसती दाबते."

धाकटा खाली बसला. त्याला खरं वाटायला लागलं होतं, पण त्यामुळे बरं वाटत होतं असं नाही. ती मूठ नव्हती, तर आता शोधायलाही काही उरलं नव्हतं.

म्हाताऱ्याने शिंगाचं टोक आणून त्याच्या हातात दिलं. बोटभर लांब, काळं, आतून भरीव. "यातून कर."

"कशी करू?"

"मी फणीवाला. मला कातकाम येत नाही. मला एवढंच माहीत आहे, की तो हे टोक घरी नेई आणि भोक पाडून इथे परत आणी. चिरा मी पाडून देई. माझ्या करवतीएवढी बारीक करवत तुमच्या गावात नाही."

धाकट्याने बोटांवर दिवस मोजले. जाऊन भोक पाडायचं, पुन्हा यायचं, पुन्हा जायचं. पौर्णिमा पाच दिवसांवर होती. "चिरा आत्ताच पाडून द्या," तो म्हणाला. "भोक मी घरी गेल्यावर पाडतो. तेवढाच एक हेलपाटा वाचेल."

"तो आधी भोक पाडायचा."

"आधी काय, नंतर काय! शेवटी दोन्ही असली म्हणजे झालं."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्याने तीन चिरा पाडून दिल्या.

धाकटा रात्री चालला आणि सकाळी घरी पोचला. टोक चरकावर बसवलं. आईने कमान ओढली. त्याने भोक पाडायला सुई लावली. सुई आत शिरू लागली तशी चिरा फाकल्या. सुई एका चिरेत घसरली, शिंग चर्र वाजलं आणि उभं तडकलं.

आईने कमान खाली ठेवली. "काय झालं?"

"काही नाही," धाकटा म्हणाला, आणि त्याच पावली पुन्हा घाटाकडे निघाला.

म्हातारा अंगणातच होता. धाकट्याने तडकलेलं शिंग त्याच्यासमोर ठेवलं. या वेळी तो ओरडला नाही. "आधी भोक पाडायचं होतं," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही मला अडवलं का नाही?"

"तू अडणाऱ्यातला होतास का?" म्हाताऱ्याने दुसरं टोक शोधायला पेटारा उघडला. "आता किती दिवस आहेत?"

"आज संपला की तीन."

"मग मीच येतो करवत घेऊन. माझे गुडघे म्हातारे आहेत, पण तुझ्या घाईपेक्षा लवकर पोचवतील." त्याने करवत फडक्यात गुंडाळली, सुनेला हाक मारून भाकरी बांधून घेतली आणि काठी उचलली.

वाटेत तो दर चढावर थांबे. धाकट्याला थांबणं जड जाई, पण म्हाताऱ्याला सोडून जाता येत नव्हतं. एका दगडावर बसल्यावर धाकट्याने विचारलं, "भोक तो कशाने पाडायचा? सुईने पाडलेलं तर सैल होतं."

"ते मला काय ठाऊक? पण तो टोक घेऊन येई, तेव्हा भोकात शलाकेच्याच तारेचा एक तुकडा बसलेला असे. काढून घेताना हसायचा. म्हणायचा, हिचं माप हिलाच ठाऊक."

धाकटा पुढच्या चढापर्यंत तेच मनात घोळवत चालला. मग एकदम उभा राहिला. "तारेनेच पाडायचा! जिला धरायचं तिच्याच तुकड्याने!"

"असेल," म्हातारा म्हणाला. "ओरडू नकोस. पक्षी घाबरतात."

घरी पोचल्यावर आईने पाहुण्याला पाणी दिलं आणि त्याचा आवाज ऐकून म्हणाली, "पाचही फण्या तुमच्याच ना? दाते छान आहेत. पण पुढच्या वेळी केसही द्या." म्हातारा इतका हसला, की त्याला ठसका लागला.

सकाळी काम सुरू झालं. धाकट्याजवळ तीन तारा उरल्या होत्या. त्यातली एक त्याने घेतली. तिचं टोक हलक्या हाताने ठोकून चपटं केलं, दगडावर घासून धार आणली आणि कडा घासून पुन्हा तारेच्याच मापावर आणल्या. त्याला अर्धा दिवस लागला. आधी असं काम त्याने एका घटकेत उरकलं असतं आणि बिघडवलं असतं.

मग त्याने शिंग आपल्या चरकावर बसवलं. बाहेरून कातून गोल केलं, तोंड सपाट केलं. भोक पडेपर्यंत ते खाली काढायचं नाही, असं त्याने ठरवलं. ज्या चरकावर मूठ फिरणार, त्याच चरकावर भोक पडलं पाहिजे, हे त्याला हस्तिदंती मुठीने शिकवलं होतं.

"आई, हळू."

"मी हळूच आहे. तू हळू."

कमान चालू झाली. त्याने तारेचं टोक शिंगाच्या मधोमध टेकवलं. ढकललं नाही, नुसतं टेकवून ठेवलं. काळा भुगा धुळीसारखा पडू लागला. थोडं आत गेलं, की तो तार बाहेर काढी, भुगा फुंकी आणि पुन्हा लावी. मध्ये एकदा त्याचा हात आपोआप जोर लावायला गेला. तार वाकू लागली. त्याने हात मागे घेतला, डोळे मिटून दोन श्वास सोडले आणि पुन्हा लावला. संध्याकाळी भोक पूर्ण झालं. तार त्यातून सरकत होती, पण हलत नव्हती.

आता म्हातारा पुढे आला. त्याने फडकं सोडलं आणि तीन चिरा पाडल्या. करवतीचा आवाज तेवढा ऐकू आला. शिंग तडकलं नाही.

दुसऱ्या सकाळी धाकट्याने मूठ पुन्हा चरकावर जागच्या जागी बसवली, तार आत घातली आणि कडी सरकवली. कडी जिथे अडली तिथेच त्याने ती राहू दिली. हातोडी कोपऱ्यात होती, तिकडे त्याने बघितलंही नाही. शिंगाने तारेला बोटभर लांबीत सगळीकडून सारखं धरलं होतं. त्यामुळे कुठेच जास्त धरायची गरज नव्हती.

आईने कमान ओढली आणि मान तिरपी करून ऐकलं.

"लंगडत नाही," ती म्हणाली.

दुपारपर्यंत शलाका झाली. टोक जवासारखं, मागे कडं, वर केसासारखी दांडी. एक तार शिल्लक राहिली.

वैद्याने शलाका नखावर घासून पाहिली, उजेडात फिरवली आणि हात धुवायला घेतले. त्याच दिवशी त्याने आईचा उजवा डोळा केला आणि पौर्णिमेला सकाळी डावा. मग पट्टी कधी सोडायची ते सांगून तो पुढच्या गावाला गेला. फणीवालाही आपल्या वाटेने गेला. जाताना त्याने कुणाला न सांगता उंबऱ्यावर एक फणी ठेवली होती.

आठव्या दिवशी धाकट्याने पट्टी सोडली. आईने बराच वेळ डोळे मिचकावले. पाणी आलं, ते पुसलं. मग तिने धाकट्याकडे पाहिलं.

"दाढी कर," ती म्हणाली. "आणि जेवत जा. काय दशा करून घेतलीस."

मग ती घरभर फिरली. भांडी पाहिली, भिंत पाहिली, पाच फण्यांशेजारची सहावी पाहिली. शेवटी ती मोठ्या चरकापाशी आली आणि उभी राहिली. थोरला ज्या पाटावर बसून कातत असे, तो पाट तिथेच होता. त्यावर दोन महिन्यांची धूळ होती. कुणीच त्यावर बसलं नव्हतं. धाकटा सगळं काम छोट्या चरकावर, नाहीतर उभ्यानेच करत होता.

आई किती वेळ त्या पाटाकडे बघत होती, ते धाकट्याने मोजलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि वैद्याने डोळे चोळायचे नाहीत असं बजावलं होतं, म्हणून ती ते तसंच वाहू देत होती.

मग तिने पदराने पाट पुसला. पलीकडे जाऊन धाकट्याच्या जागी बसली आणि चरकाची दोरी हातात घेतली.

"बस," ती म्हणाली. "पाळण्याचे खुंट द्यायचेत ना कुणाचे? लोकांची पोरं वाट बघणार नाहीत."

धाकटा पाटावर बसला. त्याने पटाशी उचलली.

पुढे तो मोठा कातारी झाला. हस्तिदंती मूठ त्याने स्वतः जाऊन शस्त्रशाळेत परत केली. दर थंडीत तो एक शलाका कातून देई आणि दर वेळी तिच्यासाठी नवी मूठ करी. दूरदूरचे कातारी त्याच्याकडे बारकी मूठ मागायला येत. तो कुणाला मूठ देत नसे. तो येणाऱ्याच्या हातात शिंगाचं एक टोक ठेवी, तार मागून घेई आणि म्हणे, "बसा. दोन दिवस लागतील." जे बसले त्यांचं काम झालं. जे घाईने उठून गेले, ते अजून कुठेतरी मूठ शोधत असतील.

बोध: नाजूक गोष्ट जोर लावून धरता येत नाही आणि उसन्या मुठीतही राहत नाही, तिच्याच मापाची मूठ आपल्या हाताने, धीराने घडवावी लागते.